मधे येणारा माणूस

समुद्राचा मला वीट आला आहे. हे सोलापुरात बोललं की लोक हसतात. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे नुसतं पाणी दिसलं तरी माणसाचा चेहरा फुलतो. "तीन वर्षं बेटावर हुता म्हणं तुमी? नशीब लागतं ओ," असं दुकानात येऊन कुणी म्हटलं की त्या गिऱ्हाइकाला मी पाइपाच्या भावात काहीही सोडत नाही.

मी करकंबचा. बाजारच्या दिवशी गोणपाटावर बसून वांगी विकण्यापासून सुरुवात केली. मग बार्शीला भुसार दुकानात पोती उचलली, नंतर एका ठेकेदाराकडे स्टोअर सांभाळलं, आणि आता जुळे सोलापुरात माझं स्वतःचं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. कुणी हात धरून वर आणलेलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

बेटावर गेलो तो त्या ठेकेदारामुळे. अंदमानातल्या एका लहानशा बेटावर बोटी लागायला धक्का बांधायचं काम त्यानं घेतलं होतं. सिमेंट, सळई, डिझेल आणि चाळीसेक माणसांचा शिधा माझ्या ताब्यात. बेट म्हणजे काय ते सांगतो. कपडे वाळत नाहीत. चपलेच्या पट्ट्याखाली बुरशी येते. पायाला वाळूतल्या माश्या चावतात, त्याचे फोड खाजवून खाजवून पिकतात. सकाळी किनाऱ्यावर जावं तर रात्रीत वाहून आलेल्या चपला, बाटल्या, मेलेले मासे, आणि त्यावर बसलेले खेकडे. पुढे निळं, वर निळं, मागे हिरवं. पहिल्या आठवड्यात डोळे निवतात. दुसऱ्या महिन्यात ते निळं डोळ्यांत साबणासारखं झोंबायला लागतं.

साइटवरचा एक इंजिनिअर कंटाळून नोकरी सोडून निघाला, तेव्हा त्याचा कॅमेरा मी घेतला. जहाज सुटायच्या जरा आधी बोलणी केली. निघालेला माणूस भाव करत बसत नाही. दमटपणामुळे भिंगाला बुरशी लागते म्हणून कॅमेरा मी तांदळाच्या डब्यात ठेवायचो, आणि आमचा आचारी त्यावरून रोज कटकट करायचा.

सुरुवातीला मीही सगळे काढतात तेच काढलं. सूर्य बुडताना, माड वाकलेला, लाट फुटताना. रजेवर घरी आलो तेव्हा ते फोटो बायकोला दाखवले. ती म्हणाली, "छान आहेत. आपल्या एलआयसीच्या कॅलेंडरवर होते तसेच." तिनं कौतुकानंच म्हटलं होतं. मला मात्र स्वतःच्या कामाची किळस आली. मी आयुष्यात नकली माल विकला नाही, आणि इथे मी कॅलेंडर छापत बसलो होतो.

मग माणसं काढायची ठरवलं. आमचे मजूर कॅमेरा दिसला की आधारकार्डाला बसल्यासारखे ताठ व्हायचे. एकच माणूस असा होता की ज्याचा चेहरा मला हवा होता, आणि तोच नाही म्हणत होता. तो डोंगीवाला. डोंगी म्हणजे तिकडची इंजिन बसवलेली लांब होडी. मोठ्या बेटावरून आमचा भाजीपाला तो आणायचा. साठीच्या आसपासचा, रांचीकडून आजोबाच्या काळात तिकडे नेलेल्या लोकांपैकी. काळा, काटक, लुंगी गुडघ्यावर. दर फेरीला आमचं भांडण व्हायचं. मी प्रत्येक पोतं उपडं करून सडका बटाटा वेगळा काढायचो, ओला कांदा वजनातून वगळायचो. तो डोंगीच्या काठावर बसून बिडी ओढत माझ्याकडे बघायचा.

"एक फोटो," मी म्हणायचो.

"नहीं."

"का?"

"सब आता है, खींचता है, जाता है. हम को कोई दिखाता नहीं. हम क्या बंदर है?"

हे कित्येक महिने चाललं. मी तंबाखू देऊन बघितली, साइटवरची जुनी ताडपत्री देऊ केली. त्यानं ताडपत्री घेतली आणि फोटो दिला नाही. असा सौदा माझ्याशी त्याआधी कुणी केला नव्हता. शेवटी एके दिवशी त्यानंच अट सांगितली. महिनाभर मी भांडायचं नाही. पोतं उघडायचं नाही, बटाटा मोजायचा नाही, एक शब्द बोलायचा नाही. महिना पाळला तर एक फोटो. आणि तो कागदावर छापून त्याच्या हातात द्यायचा.

तो महिना मी कसा काढला ते मलाच माहीत. पोत्यातून पाणी गळताना दिसायचं आणि मी आकाशाकडे बघायचो. आचारी मला खुळ्यात काढत होता. "सायेब, आजारी हाय का तुमी? ह्यो भोपळा बगा की!" मी दात ओठ खाऊन गप्प. डोंगीवाला एकेक पोतं मुद्दाम हळू उतरवायचा.

महिना भरल्यावर तो पहाटे आला. ओहोटी होती, वारा पडलेला, पाणी परातीतल्यासारखं स्थिर. उथळ पाण्यात इंजिन चालत नाही म्हणून तो उभा राहून बांबूनं डोंगी रेटत होता. धक्क्याजवळ येऊन त्यानं बांबू रोवला आणि माझ्याकडे बघितलं. बाजार उठताना हरलेल्या गिऱ्हाइकाकडे मी बघतो, तसं. जरासं हसू, जराशी कीव. मी बटण दाबलं. एकदाच. दुसरा काढायची माझी हिंमत झाली नाही.

तीन वर्षांत मी काढलेला फोटो म्हणावा असा तो एक. पुढच्या रजेत सोलापुरात छापून घेतला आणि नेऊन त्याच्या हातात दिला. त्यानं तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून इंजिनाच्या पेटीत ठेवला. "ठीक है," म्हणाला. त्याच फेरीत निम्मे बटाटे सडके निघाले आणि आम्ही पुन्हा पोटभर भांडलो. काम संपल्यावर मी परत आलो. त्याच्याकडे फोन नव्हता, माझ्याकडे त्याचा पत्ता नव्हता.

आता मूळ गोष्ट. माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, दुकानात बसला होता. हौशी माणूस आहे, कुणाचंही लग्न असो की बारावा, हा पुढे. माझ्या फोनमधला तो फोटो बघून म्हणाला, "दाजी, हे मला पाठवा की. मोबाइलवर लावतो." मला बरं वाटलं. अख्ख्या सोलापुरात तो फोटो मागणारा तो पहिला. मी पाठवला, तोही पूर्ण, बारीक न करता.

आठ-पंधरा दिवसांनी गाडीवरून चाललो होतो. चौकात एक नवा फ्लेक्स लागला होता. इकडचे एक पुढारी वारले होते, त्यांना भावपूर्ण श्रद्धांजली. खाली गल्लीतल्या सगळ्या कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो, मधे समुद्र, समुद्रात होडी, आणि होडीत पांढऱ्या टोपीतले पुढारी, छातीपर्यंतच. मी पुढे निघून गेलो. मग गाडी वळवून परत आलो. ती डोंगी मी ओळखतो. तिच्या पुढच्या टोकाला पत्र्याचं ठिगळ आहे.

माझा डोंगीवाला नव्हता. वरचा नव्हता. पाण्यात मात्र होता. डोंगीखाली त्या स्थिर पाण्यात त्याचं प्रतिबिंब तसंच राहिलं होतं, उलटं, बांबू आणि लुंगीसकट. वरून माणूस पुसताना खालचा पुसायचा राहिला होता.

शेजारी चहा पीत उभा असलेला एकजण म्हणाला, "लई भारी झालाय न्हाय फ्लेक्स? सायेब सरगात चालल्यासारखं वाटतंय."

मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही.

मेव्हण्याला फोन केला. "व्हय दाजी, म्याच दिला. लई अर्जंट हुतं. समद्यांनी इचारलं, कुटला फोटो म्हणून. तुमचं नाव सांगितलं की!" त्याला वाटलं मी खूश होऊन फोन केलाय.

त्याच्याकडून पत्ता घेऊन तो फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात गेलो. आत शाईचा उग्र वास, जमिनीवर सोललेल्या कागदांचा ढीग, भिंतीवर वाढदिवस आणि मरण शेजारी शेजारी वाळत घातलेले. मालक स्वतःच कॉम्प्युटरवर बसला होता. पस्तिशीचा, गुटख्यानं तोंड भरलेलं.

"तो चौकातला फोटो माझा आहे," मी म्हणालो.

"या की मालक, बसा! लई चांगला काढलाय. दोन पार्ट्यांनी आजून मागितलाय. फकस्त मधे एक माणूस येत हुता. तेवढा काढला."

"काढला?"

"काळा हुता ओ. लुंगीवर. सायबांच्या जागी बरं दिसंना."

"काय बे, तुझ्या बापाचा फोटो आहे का?" माझा आवाज चढला. "त्या माणसासाठी तो फोटो काढलाय. समुद्र मधे येत होता त्याच्या!"

गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात गेला.

"आणि हा कोण?" मी स्क्रीनवर बोट ठेवलं. "पाण्यात बघ."

त्यानं फोटो मोठा केला. "आयला, व्हय की! ऱ्हायलाच बगा. कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. थांबा, दोन मिनिटांत काढतो." आणि त्यानं खरोखर माउस हातात घेतला. मी त्याचं मनगट धरलं. चूक दुरुस्त करून दिली तरी भांडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं, तसा तो माझ्याकडे बघत होता.

"हात सोडा मालक. तुमाला पायजे काय? फोटो डिलिट करू, का माणूस परत बसवू?"

"माणूस परत बसव."

"मग सायबांना कुटं ठेवू?"

मी वांग्यापासून सळईपर्यंत सौदे केलेत. समोरच्याला आपल्या वस्तूची किंमत कळत असेल तरच सौदा होतो. ह्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती, कारण त्यानं काही वाईट केलंय असं त्याला वाटतच नव्हतं. वर तो म्हणाला, "कोपऱ्यात तुमचं नाव टाकतो की. छाया म्हणून." पुसलेल्या माणसाच्या होडीखाली माझं नाव.

शेवटी मी म्हणालो, "हा फोटो तू पुसायचा. माझ्यासमोर. परत कुणाला द्यायचा नाही."

"आन दोन पार्ट्यांना काय लावू?" तो विचार करून म्हणाला. "तुमच्याकडं मोकळा समुद्र न्हाय का? माणूस नसलेला?"

होता. शेकड्यानं होता. ज्याची मला किळस येत होती तो सगळा माल मी फोनवरून त्याच्या कॉम्प्युटरवर ओतला. सूर्य, माड, लाटा. एकेक उघडताना त्याचे डोळे मोठे होत गेले. "हे! हे असं पायजे मालक! हे आदी का न्हाय दिलं?" मग त्यानं डोंगीचा फोटो माझ्यासमोर डिलिट केला, कचऱ्याची पेटीही रिकामी करायला लावली मी. सौदा माझ्या मनासारखा झाला होता, आणि बाहेर येऊन मी गटारात थुंकलो.

तरी पाय निघेना. परत आत गेलो. मूळ फोटो माझ्या फोनमध्ये होता. म्हणालो, "हा मोठा छापून दे. पूर्ण. काही काढायचं नाही, काही घालायचं नाही."

"वर काय लिव्हू?"

"काही नाही."

"काईच न्हाय? मग लोकांना कळणार कसं, कशाचा हाय?"

"छाप."

त्यानं छापला, कडेला रिंगा मारून दिल्या. मी तो दुकानाच्या दर्शनी भिंतीवर टांगला. अर्ध्या भिंतीचा डोंगीवाला, बांबू रोवून रस्त्याकडे बघणारा. एवढ्या आकारात त्याचं ते हसू आणखी खवचट दिसत होतं. मला पहिल्यांदाच वाटलं की त्याची जागा त्याला मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोवर शेजारचा किराणावाला आला. हात जोडून फोटोसमोर क्षणभर उभा राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "कवा गेले ओ?"

"कोण?"

"हे. नात्यातले का?"

दुपारपर्यंत चौघांनी विचारलं. एकानं, आजारी होते का, म्हणून विचारलं. एक बाई पायरीवरून वर न येता तिथूनच नमस्कार करून गेली. बायकोचा फोन आला, "अहो, कुणीतरी विचारत होतं, आपल्याकडे कोण वारलं?" प्रत्येकाला मी ओरडून सांगत होतो, तो जिवंत आहे. आणि सांगताना मला कळत होतं की मला हे माहीत नाही. तो जिवंत आहे की नाही हे मला कोण सांगणार होतं?

संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं. चांगलं गिऱ्हाईक, नवं घर बांधणारं, अख्ख्या प्लंबिंगची यादी घेऊन आलेलं. त्यानं चप्पल बाहेर काढली, फोटोकडे बघून मान झुकवली आणि म्हणाला, "देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो."

"जिवंत आहे तो!" मी ओरडलो.

तो दचकला. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग लावलाय कशाला?"

मी त्याला म्हणालो, दुकान बंद आहे. तो शटरकडे बघत राहिला. ते पूर्ण वर होतं. मग चप्पल घालून समोरच्या दुकानात गेला. मी काउंटरमागे उभा राहून त्याची यादी तिकडे भरली जाताना बघत होतो. दुकान चालवायला लागल्यापासून एवढं मोठं गिऱ्हाईक मी कधी घालवलं नव्हतं. फ्लेक्स मी काढला नाही.