पितळेच्या कुडमातला समुद्र

"रिपोर्टवर आजच सही कर, क्लायंट बाहेर बसलाय," बॉस म्हणाले.

क्लायंट म्हणजे माझे लांबचे मामा, राजाराम राव. किनाऱ्यावर त्यांची हॅचरी आहे, म्हणजे कोळंबीची पिल्लं वाढवायची जागा. पिल्लांना खायला सूक्ष्म शेवाळ लागतं आणि ते तीनदा मेलं होतं. चौथ्यांदा मेलं तर हॅचरीला कुलूप. मामांचा संशय शेजारच्या कारखान्यावर. माझा रिपोर्ट घेऊन ते तडक कलेक्टर ऑफिसात निघणार होते.

मी तंजावूरच्या एका लॅबमध्ये पाण्यातले धातू मोजते. समुद्रात लोह, जस्त, तांबं अगदी नावाला असतात. त्यावर शेवाळ वाढतं, आणि शेवाळावर पुढची सगळी पंगत जेवते. पण तांबं जरा वाढलं की तेच शेवाळ मरतं.

मामांच्या सॅम्पलमध्ये तांबं भरपूर होतं. जस्तही. पेन उघडलं आणि थांबले. दोन्ही इतक्या जोडीनं? तांबं आणि जस्त मिळून होतं ते तर पितळ!

"मामा, पाणी कशात भरलं?"

"तुम्ही दिलेल्या बाटलीत की ग."

"त्याच्या आधी?"

"कुडमात." आमच्याकडे घागरीला कुडम म्हणतात. "समुद्राला प्लास्टिकात आणूं नये म्हणते तुझी मामी. कुंकू लावून रात्रभर देवापुढे ठेवते."

"शेवाळालाही तेच पाणी?"

"मग? पिल्लांचा घास तो!"

मला माझाच राग आला. हे सॅम्पल घेतानाच विचारायचं होतं. बॉसना म्हटलं, "सर, रिपीट सॅम्पल." त्यांनी कपाळाला हात लावला. मी ॲसिडनं धुतलेल्या बाटल्या घेऊन स्वतः गेले, थेट समुद्रातून पाणी भरलं. तांबं असायला हवं तेवढंच निघालं.

मामी भडकल्या. "अय्यो, माझ्या कुडमाला नावं ठेवतेस? रोज चिंचेनं घासते मी!"

"म्हणूनच, मामी. घासलेल्या पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात रात्रभर उतरतं."

त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. कुडमाशिवाय आणलेल्या पाण्यात चौथं शेवाळ मात्र हिरवंगार आलं, आणि मामांनी फोनवर रडतच सांगितलं.

आता हॅचरीत पाणी प्लास्टिकच्या ड्रममध्ये येतं. ड्रमला बाहेरून कुंकू असतं, त्याला माझी हरकत नाही. आमच्या सॅम्पल फॉर्मवर मात्र पहिला प्रश्न मी बदलून घेतलाय: बाटलीच्या आधी पाणी कुठल्या भांड्यात होतं?