चिपवाल्या माशांचं बाळंतपण

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी शेलार गावातल्या आमच्या घरामागे माशांची पोटं कापत होते, आणि इतकी खुशीत मी पुन्हा कधी नव्हते. रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. लवंगेचं तेल घातलेल्या पाण्यात ती गुंगली की पोटाला बारीकशी चीर द्यायची आणि आत तांदळाच्या दाण्याएवढी चिप सरकवायची. मग यंत्र वरून फिरवलं की टुंक! त्या माशाचा नंबर हजर. काकाने ते यंत्र आधी स्वतःच्या ढेरीवर फिरवलं, मग ताटातल्या तळलेल्या बोंबलावर. "ह्यो बेवारस हाय," म्हणाला आणि खाऊन टाकला.

प्रश्न एकच होता: एवढ्याशा जिवाला पोटातली चिप बाधते का? माझी डिग्री त्या उत्तरावर अडली होती. एका हौदात चिपवाले, दुसऱ्यात बिनचिपीचे, आणि दोघांना शेंगदाण्याची पेंड अगदी सारख्या मापाने. मी दिवसभर कॉलेजात, म्हणून खाणं घालायचं काम आईकडे.

महिन्याने वजनं केली तर चिपवाले चक्क जास्त गुटगुटीत! मी अंगणात नाचले. शेजारच्या कापडाच्या लूमवरचे कामगार बाहेर येऊन विचारायला लागले, "क्या हुआ दीदी, शादी पक्की?" कॉलेजातल्या माझ्या सरांना मात्र ते पटेना. "चिपने बाळसं धरत असेल तर उद्या लोक पोरांनाही बसवतील," म्हणाले. "घरी जरा लक्ष ठेवा."

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी खिडकीत बसले. आई आली, दोन्ही हौदांत मापाने पेंड घातली, इकडेतिकडे बघितलं, आणि चिपवाल्यांना आणखी एक भरली मूठ सोडली.

"आई!"

"वरडतेस काय? पोट फाडलंस त्यांचं. बाळंतिणीला आपण मोजून वाढतो का? न्हाय ना?"

माझा तीळपापड झाला, आणि हसूही आवरेना. सगळं पहिल्यापासून करावं लागलं: नवी बोटुकली, नव्या चिरा, आणि पेंडीचा डबा कुलपात. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. माशांशी मात्र तासन्‌तास गप्पा.

या वेळी चिपवाले मागे पडले. त्यातले मोठे फारसे नाहीत, पण सगळ्यांत चिमुकले होते ते साफ मागे. खरं उत्तर हाती आलं होतं: फार लहान माशाला चिप जड जाते. सर खूश, मी तर हवेतच. रिपोर्ट देऊन रिक्षाभर एकटीच हसत घरी आले आणि हौदात डोकावले. ती बारकी पोरं वर येऊन तोंडं उघडत होती. एकदम भरून आलं मला.

कुलूप काढलं आणि डबा आईपुढे धरला. "घाल, पाहिजे तेवढं."

आईने डबा घेतला नाही. "तूच घाल," म्हणाली. "पोटं तू कापलीस."

मी घातलं. मूठभर, मग आणखी मूठभर.