शाल मी घातली नाही

मुलांनो, सोसायटीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचला आणि तुम्ही विचारलंत, "आजी, त्या म्हाताऱ्या माणसाशी तू असं का वागलीस?" फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

तुमचे आजोबा मँगनीजच्या खाणीत सर्व्हेअर होते. जमिनीखाली खनिजाची काळी शीर कितीही जाड असली, तरी ती सगळी खणत नाहीत. मधूनमधून तिचेच खांब राखतात. छत त्यांवर उभं असतं. आमच्या खाणीतल्या सर्वांत जाड खांबाला कामगार दसऱ्याला हळदकुंकू वाहायचे. मॅनेजरची नजर नेमकी त्याच्यावर होती, कारण सगळ्यात चांगला माल त्यात होता. "तो काढायचा नाही," असं आजोबांनी तोंडावर सांगितलं. मॅनेजरने त्यांना दुसऱ्या कामावर पाठवलं आणि खांब काढायला लावला. छत बसलं. दोन माणसं गेली. चौकशीत मॅनेजर म्हणाला, सर्व्हेअरची मापं चुकली.

आजोबांची नोकरी गेली. त्या दोघांपैकी एकाची बायको आमच्या दारात येऊन थुंकली. पुढे इकडे नवी मुंबईत, महाप्यात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट देत आजोबांनी उरलेली वर्षं काढली, पण ती बाई त्यांच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

गेल्या वर्षी तो मॅनेजर मुलाकडे राहायला आला, आमच्याच नेरूळच्या सोसायटीत. त्याने मला ओळखलं नाही. मी ओळख दिली नाही. ज्येष्ठांचा सत्कार ठरला तेव्हा, "त्यांना शाल मी घालते," असं मीच सेक्रेटरीला सांगितलं.

स्टेजवर तो म्हणाला, "खाणीतली माझी माणसं मी पोरांसारखी जपली." टाळ्या पडल्या.

"काकू, घाला ना, फोटोवाला थांबलाय," सेक्रेटरी कुजबुजला.

मी माईक घेतला. "साहेब, हळदकुंकवाचा खांब कोणी काढायला लावला?"

त्याचा चेहरा उतरला. "वहिनी... तुम्ही? इतक्या जुन्या गोष्टी आता कशाला?"

"जुन्या तुम्हाला. सर्व्हेअरची मापं चुकली होती का? हो की नाही, एवढंच सांगा."

"नव्हती," तो खाली बघत म्हणाला.

शाल मी गेटवरच्या वॉचमनच्या खांद्यावर घातली.

आता तो बागेत येत नाही. त्याची सून म्हणते, बाबा नीट जेवत नाहीत. नको जेवू दे. मी पोटभर जेवते.

खाण कधीच बंद झाली, आत पाणी भरलंय. आजोबांनी राखायला लावलेल्या बाकीच्या खांबांवरची जमीन अजून खचलेली नाही.