काच पुसणारा आणि पाच परीक्षक

चिनी विद्यापीठातली माझी पदव्युत्तर पदवी मी बहुतांशी नेदरलँड्समध्ये, नायमेखनला, ताईच्या जेवणाच्या टेबलावर बसून मिळवली. नोकरीच्या मुलाखतीत हे सांगितलं की समोरचा माणूस माझा अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतो.

घडलं ते साधंच. पहिलं सत्र संपलं, चीनमध्ये वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची, सुट्टी लागली, वसतिगृह ओस पडलं, आणि मी काही आठवड्यांसाठी एक सॅक पाठीवर टाकून ताईकडे आलो. ताई इथे चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. मी इथे असतानाच साथ पसरली, परदेशी विद्यार्थ्यांसाठी चीनची दारं बंद झाली, आणि ती उघडायच्या आत माझं शिक्षण संपलं. माझी रजई, भाताचा कुकर आणि दोन खोकी पुस्तकं तिकडे राहिली. हजेरीपटावर मीही तिकडेच होतो.

माझा विषय होता चिनी भाषांतरांत उरलेली बौद्ध सूत्रं, ज्यांची मूळ संस्कृत पोथी हरवली आहे. मी निघालो तेव्हा आमच्या कॉलनीत लोक बाबांना विचारायचे, "बुद्ध आपल्याकडचा, आणि शिकायला पोरगा चीनला?" बाबा म्हणायचे, "अस्सल गहाळ झालंय. नक्कल तिकडे आहे. मग नक्कल जिथे असेल तिथेच अर्ज करावा लागतो." बाबा जिल्हा कचेरीत शिपाई होते. साहेब आले की उभं राहायचं, साहेब गेले की बसायचं, आणि साहेब गेले की नाहीत हे कळत नसेल तर उभंच राहायचं, एवढंच ते आपल्या नोकरीचं वर्णन करत. माझ्या पदवीसाठी त्यांनी बैठकीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी खिळा आधीच ठोकून ठेवला होता. आई त्याला कॅलेंडर अडकवायची, बाबा ते काढून ठेवायचे. दोन वर्षं हे चाललं होतं.

समारंभ हा प्रकार मला कधीच फारसा मानवला नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखं कमी असतं, तो ते झालर लावून सांगतो, असं माझं मत आहे. या मताची विद्यापीठाने चांगली परीक्षा पाहिली. सत्राच्या उद्घाटनाला आम्ही आपापल्या घरी राष्ट्रगीताला ताठ उभे राहायचो, कॅमेरा चालू ठेवून. वर्गाच्या ग्रुपवर शिक्षकांनी सूचना टाकली की प्रत्येकाने 'मिळाली, लाओशी' असं लिहायची पद्धत होती. लाओशी म्हणजे गुरुजी. सूचना एका ओळीची आणि खाली पोचपावत्यांची वरात. चुकीची सूचना मागे घेतल्याची सूचना आली तरी आम्ही ती मिळाल्याचं कळवायचो.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेचे नियम आले तेव्हा मात्र मी ते मन लावून वाचले. दोन कॅमेरे हवेत. एक लॅपटॉपचा, समोरून. दुसरा फोनचा, पाठीमागून तिरका, ज्यात उमेदवाराचे हात, टेबल आणि सबंध खोली दिसली पाहिजे. खोलीत दुसरी व्यक्ती नको. उमेदवाराला कोणी मदत करत असल्याचा संशय आला तर परीक्षा रद्द. मी एकदा मुदतवाढ घेतलेली होती, दुसरी मिळणार नव्हती. परीक्षा रद्द म्हणजे पदवी रद्द, आणि आईचं कॅलेंडर त्या खिळ्यावर कायम.

त्या काळात जगभरची मंडळी वर कोट आणि खाली चड्डी घालून बैठका करत होती. मला पाठीमागच्या कॅमेऱ्यामुळे नखशिखांत कपडे करावे लागले, पट्ट्यासकट. फोन मी कणकेच्या डब्यावर उभा केला. टेबल रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीला लागून होतं, म्हणजे मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. ताईला वरच्या मजल्यावर पाठवलं होतं आणि संपेपर्यंत खाली यायचं नाही म्हणून बजावलं होतं. चीनमध्ये दुपारचे तीन, इथे सकाळचे नऊ.

परीक्षक पाच होते आणि एक सचिव. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं, सचिवांनी नियम वाचले, अध्यक्षांनी नियम वाचल्याबद्दल सचिवांचे आभार मानले. मी माझं भाषण सुरू केलं. तिसऱ्या प्रकरणापाशी पोचलो तोच समोरच्या काचेवर साबणाच्या पाण्याचा एक लांबलचक फटकारा पडला.

काच पुसणारा आला होता. इथे तो महिन्यातून एकदा येतो. कधी, ते त्याचं त्याला माहीत. उंचापुरा माणूस, हातात रबरी पट्टी. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली आणि काचेवर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे लपेटदार वळणं घेत काम चालू केलं. मी न थांबता बोलत राहिलो. सचिवांनी थांबवलं.

"थांबा. उमेदवारासमोर कोण उभं आहे?"

"काच पुसणारा आहे, लाओशी."

"तुम्ही बोलावलंत?"

"नाही. तो त्याच्या सवडीने येतो."

"परीक्षेच्या दिवशी?"

"परीक्षेचं त्याला माहीत नाही."

"मग तो हातवारे कोणाला करतोय?"

"काचेला," मी म्हणालो.

पाच चेहरे पडद्याजवळ सरकले. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही संशय आला असता. त्या माणसाच्या हालचाली खरोखरच एखादं अक्षर गिरवल्यासारख्या होत्या.

"पडदा ओढा," अध्यक्ष म्हणाले.

"पडदा नाहीये, लाओशी."

"घराला पडदा नाही?"

"खालच्या मजल्याला इथे बरेच जण लावत नाहीत."

"मग लोक आत बघत नाहीत?"

"बघतात."

"आणि आतली माणसं काय करतात?"

"हात हलवतात."

मग अध्यक्ष म्हणाले, "त्याला चिनी येतं का, विचारा."

मी खिडकी उघडली आणि माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये विचारलं, तुम्हाला चिनी येतं का? त्याने पट्टी खाली घेतली, मान वाकडी करून लॅपटॉपवरच्या मंडळींकडे पाहिलं, आणि चेहरा उजळून म्हणाला, "बाबी पांगांग!"

"काय म्हणाला?" सचिवांनी लगेच विचारलं. त्यांचं पेन तयार होतं.

"एका पदार्थाचं नाव घेतलं, लाओशी. डुकराच्या मांसाचा असतो."

"चिनी पदार्थ आहे?"

"इथल्या लोकांची तशी समजूत आहे."

एक परीक्षक हसले आणि लगेच खोकले. अध्यक्ष हसले नाहीत. समिती विचारविनिमय करील, असं सांगून त्यांनी मला बाहेर काढलं, म्हणजे माझ्या पडद्यावर 'कृपया प्रतीक्षा करा' एवढंच उरलं. काच पुसणाऱ्याने बादलीत पट्टी बुडवून पुन्हा कामाला सुरुवात केली. जिन्यावरून ताईचा दबका आवाज आला.

"झालं का रे?"

"वर जा तू."

"काय झालं?"

"काच पुसायला आलाय."

"अगं बाई! आजच? मी त्याला मेसेज करणार होते, या आठवड्यात येऊ नको म्हणून."

"मग?"

"राहिलं."

"मग आता बाबांना तेवढं तू कळव."

"रद्द केली?" तिचा आवाज एकदम उतरला. ते मलाही अजून माहीत नव्हतं.

दोन वर्षांचं काम एका ओल्या काचेवर येऊन ठेपलं होतं, आणि मला राहूनराहून आठवत होता तो प्रबंध नव्हे, खिळा. प्रबंधाचं काय, तो कुठेही वाचता येईल. खिळ्याचं बाबा काय करतील, ते कळेना.

पडदा पुन्हा उजळला. सचिवांनी निर्णय वाचला. काच ही खोलीची सीमा मानण्यात येत आहे. सदर व्यक्ती सीमेबाहेर आहे. सबब नियमभंग झालेला नाही. खिडकी उघडण्यात आली ती समितीच्या आदेशावरून, त्यामुळे तिची नोंद घेण्यात येणार नाही. मात्र यापुढे खिडकी झाकावी.

घरात हाताशी होती ती सोफ्यावरची सोलापुरी चादर. खिडकीच्या वरच्या झडपेत तिची कड अडकवून मी ती सोडली. लाल-निळ्या चौकड्यांनी फोनच्या कॅमेऱ्यातली सबंध चौकट व्यापली. पार्श्वभूमी साधी असावी, असाही एक नियम होता. त्याचा विषय कोणी काढला नाही. पलीकडे चादरीवर हाताची सावली डावीकडून उजवीकडे जात होती.

पुढचे प्रश्न कठीण होते, पण ते प्रश्न तरी होते. शेवटी परीक्षक पुन्हा एकमेकांत बोलले, मला परत बोलावलं, आणि अध्यक्ष म्हणाले, "सर्वांनी उभं राहावं." निकाल वाचताना उभं राहायची तिकडे पद्धत आहे. सगळे एकदम उठले आणि पाचही चौकटींतून पाचही डोकी नाहीशी झाली. उरले ते शर्ट, टाय आणि एकाच्या खिशातला चष्मा. त्या बिनडोक्याच्या समितीने मला पदवीस पात्र ठरवलं. समारंभाबद्दलचं माझं मत इतकं हुबेहूब पुन्हा कधी माझ्यासमोर मांडलं गेलेलं नाही.

मग घरी फोन लावला. बाबा फोनजवळच बसले असावेत.

"पास?"

"पास."

"कसं सांगितलं त्यांनी? पत्र येणार?"

"पत्र येईल नंतर. आत्ता निकाल वाचून दाखवला. वाचताना सगळे उभे राहतात, तिकडची पद्धत आहे."

"सगळे म्हणजे?"

"परीक्षक. पाचही जण."

"प्रोफेसर लोक?"

"हो."

"तुझ्यासाठी उभे राहिले?"

निकालासाठी, असं खरं उत्तर होतं. डोकी दिसत नव्हती हेही सांगण्यासारखं होतं. ताईला ते माझं सांगून झालं होतं आणि ती पोट धरून हसली होती.

"हो," मी म्हणालो.

मग त्यांनी विचारलं, "आणि तू?"

"मीही उभा होतो."

"तू बसायचं ना रे," बाबा म्हणाले.