भोंग्याचा आवाज गेला त्यानंतर

फळबाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत. पेट्यांच्या थप्पीवर चढून तो लिलाव पुकारायला लागला, की पार दुसऱ्या टोकाचे हमाल म्हणत, “भोंगा वाजला, चला.” घरीही तीच तऱ्हा. बायको म्हणायची, “लग्न झाल्यापासून या माणसानं माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं असेल तर शपथ!”

एका सकाळी संत्र्यांचा लिलाव ऐन रंगात आला असताना त्याची जीभ जड झाली. भाव ओठांवर होता, पण तोंडातून नुसती लाळ गळाली. समोरच्या व्यापाऱ्यांना वाटलं, गडी कुणाची तरी नक्कल करतोय. ते हसले. तो थप्पीवरून उजव्या अंगावर कोसळला, तेव्हा कुठे हसणं थांबलं.

जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालण्यापुरता उरला, आणि शब्दांचं तर पार दिवाळं निघालं. डोक्यात सगळं लख्ख होतं. पाणी हवंय, खिडकी लावा, पाठीला खाजतंय. पण तोंड उघडलं की एकच शब्द बाहेर पडायचा: “बोला.” लिलावातली ती हाक तेवढी जिभेला चिकटून राहिली होती. पहिल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांना वाटलं, पेशंट आपल्याला बोलायला सांगतोय. ते म्हणाले, “बोलतो की. तब्येत उत्तम आहे.”

मोठे डॉक्टर खरंच मोठे होते. दारावरची पाटी मोठी, बाहेरची रांग त्याहून मोठी. ते मेंदूचे फोटो उजेडाला धरून बघत आणि बायकोशी बोलत. खुर्चीतला माणूस म्हणजे जणू तिनं सोबत आणलेली पिशवी.

घरी आल्यावर उजवा खांदा दुखायला लागला. उठवताना, कपडे घालताना अशी कळ यायची की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तो ओरडायचा, “बोला! बोला!” बायकोनं दवाखान्यात फोन केला. ‘डॉक्टर कामात आहेत,’ पुन्हा केला तर ‘उद्या करा.’ शेवटी भेट मिळाली, तेव्हा डॉक्टरांनी खांद्याला हातही लावला नाही. “अशा आजारात माणूस रडका होतो. झोपेची गोळी देतो. आणि बाई, सुधारायचं तेवढं सुधारलंय, आता फार आशा ठेवू नका.”

गोळीनं तो दिवसभर ओल्या पोत्यासारखा पडून राहायला लागला. बायको खायला घालायला आली की तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा. दुखणं सांगता येत नाही, मरण मागता येत नाही. तोंड बंद ठेवणं तेवढं हातात होतं.

“मी काय करू हो? तुम्हीच सांगा,” ती कपाळ धरून म्हणाली. आणि तो कसा सांगणार, हे तिच्याच लक्षात आलं.

शेजारणीनं एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. बस स्टँडमागे, एका चपलांच्या दुकानावर दोन खोल्या. जिना चढताना त्याला घाम फुटला. डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची ओढून थेट त्याच्यापुढे आणली. बायको सांगायला लागली, तर त्यांनी तिला हातानं थांबवलं.

“काका, कुठं दुखतंय?”

“बोला.”

“नाही, आज तुम्ही बोला. तोंडानं नाही जमलं तर बोटानं.”

आणि त्या थांबल्या. खालून कुणीतरी घासाघीस करत असल्याचा आवाज येत होता. त्याचा डावा हात हळूहळू वर आला आणि उजव्या खांद्यावर टेकला. त्यांनी तिथे चाचपून पाहिलं. हाड खोबणीतून खाली उतरलं होतं.

“यांना उठवता कसं?”

बायको उठली आणि रोजच्यासारखा त्याचा उजवा हात धरून ओढायला गेली. तो किंचाळला. ती तशीच उभी राहिली. काय ते तिला कळून चुकलं होतं.

“तुम्हाला हे कुणी शिकवलंच नाही,” डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. “शिकवायला हवं होतं.”

त्यांनी झोपेची गोळी बंद केली, हात झोळीत बांधून दिला, कमरेला पट्टा लावून उठवायचं कसं ते दाखवलं. मग त्यानं डाव्या हातानं आपल्या तोंडाकडे बोट केलं.

“बाजारात लिलाव पुकारायचे हे,” बायको म्हणाली. बाई त्याच्याकडेच बघून म्हणाल्या, “लिलाव पुकारणं आता होणार नाही, काका. हात बहुतेक परत येणार नाही. थोडे शब्द येतील, मेहनत घेतलीत तर.”

“अहो, असं तोंडावर कुणी सांगतं का!” बायको कळवळली.

तो ढसाढसा रडला. पण घरी गेल्यावर ताटातलं सगळं जेवला.

खांदा महिन्याभरात पुष्कळ निवला. पुढे काही वाटलं आणि फोन केला, तर बाई संध्याकाळपर्यंत उलटून फोन करायच्याच. तो एकदा बाजारात जाऊन आला. थप्पीवर दुसराच माणूस पुकारत होता. जुने व्यापारी त्याच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलले. पुन्हा तो तिकडे फिरकला नाही.

‘हो’ आणि ‘नाही’ हे दोन शब्द यायला पावसाळा उलटला. एका दुपारी बायकोनं पट्टा आवळता आवळता, त्याच्याकडे न बघता विचारलं, “तेव्हा तुम्ही ओरडायचात, ते मलाच ना? हात सोड म्हणून?”

त्याला ‘नाही’ म्हणता आलं असतं. तो शब्द आता येत होता.

“हो,” तो म्हणाला.

तिनं मान हलवली. पदरानं डोळे पुसले, पट्टा पुन्हा एकदा तपासला आणि म्हणाली, “चला, उठा.”