लिहाकाकांची भिंत

ऑफिसात त्यांना सगळे लिहाकाका म्हणत. कुणी काही विचारायला खुर्चीपाशी गेलं, की हात वर करून म्हणायचे, "तोंडी काही नको. भिंतीवर लिहा." भिंत म्हणजे टीमचं इंटरनेटवरचं सामायिक पान. कोडमध्ये कुणी काय बदललं, का बदललं, त्यावरून कोण कुणाशी भांडलं, सगळं तिथं. दवाखान्यांत पेशंटचे नंबर लावणारं सॉफ्टवेअर ही आठ माणसं मिळून लिहीत. त्यातली तिघं तर दुसऱ्या गावात बसून.

लोक म्हणायचे, म्हातारा खडूस आहे. असेना का! काल कामाला लागलेली पोरगी वर्षभरापूर्वीचं भांडण वाचून दुपारपर्यंत चूक दुरुस्त करायची, ते कुणाच्या जिवावर?

खरी गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती. काकांना ऐकू येईनासं झालं होतं. कानाला मशीन लावलं तर ऑफिसला कळणार, आणि निवृत्तीला चार वर्षं उरलेली असताना घरी बसवणार, ही धास्ती. "अहो, सांगून टाका एकदाचं!" ती ओरडायची. शेजाऱ्यांना ऐकू जायचं, यांना नाही.

मग नव्या मॅनेजर बाई आल्या. लिहिण्यात वेळ जातो म्हणे; रोज सकाळी गोलात उभं राहून बोलायचं. काका गोलात उभे राहून सगळ्यालाच मान डोलवायचे. अशीच एकदा मान डोलावली, आणि एकच नंबर दोघांना लागतो ती चूक गुरुवारपर्यंत काढायचं काम अंगावर आलं. यांच्या गावीही नाही! शुक्रवारी एका दवाखान्यात सतरा नंबरचे दोन पेशंट एकमेकांची गचांडी धरून उभे.

"हो म्हणाला होतात ना?" बाई कडाडल्या. काकांना नुसते ओठ हलताना दिसले, पण डोलावलेली मान नडली हे कळलं. ते जागेवर गेले आणि भिंतीवर लिहिलं, "चूक माझी. दोन वर्षं मला नीट ऐकू येत नाही. लपवलं. भीती वाटत होती." मग टेबलाचा खण रिकामा करायला घेतला.

सोमवारी गोल भरलाच नाही. सगळे आपापल्या जागी, समोर भिंत उघडी. नव्या पोरीनं लिहिलं, "काका, ती चूक आपण दोघं मिळून काढू." दुसऱ्या गावच्या तिघांनी आपापली कामं लिहिली. मग बाईंची पाळी. आजवर सगळी कामं बोलून करून घेतलेल्या बाई. एका बोटानं एकेक अक्षर शोधू लागल्या. पडद्यावर नुसतं 'लिहीत आहेत, लिहीत आहेत'. कुणी हसलं नाही, कुणी उठलं नाही. पाच मिनिटांनी वाक्य उमटलं: "काका, मी भिंत बंद करायला निघाले होते. चुकलं माझं. तुम्ही कुठेही जायचं नाही."

काका सगळ्यांच्या देखत घळाघळा रडले. बाईंनी तोवर दुसरं वाक्य लिहायला घेतलं होतं.