मैदान तयार, गेटला कुलूप

मंडळी, आत्ताच जळगावहून आईच्या हाताला प्लास्टर घालून आणलं. डोकं भयंकर तापलंय.

आईला शुगर आहे. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आमच्या गावात चालायला जागा म्हणजे हायवेची कड. आज सकाळी केळीचा ट्रक अगदी अंगाला घासून गेला आणि आई रस्त्याकडेच्या चारीत पडली.

तिथून शंभर पावलांवर नवं मैदान आहे. चालायचा ट्रॅक वर्षभरापासून तयार, पण गेटला कुलूप. मी वॉचमन नानांना जाब विचारला, तर म्हणाले, "उद्घाटन बाकी शे, ताई. साहेबांची तारीखच मिळत नही."

फीत कापायला माणूस मिळेना म्हणून माझ्या आईचा हात मोडला! आणि हेच साहेब लोक आरोग्य शिबिरात येऊन आम्हाला व्यायामाचं महत्त्व सांगतात.

उद्या सकाळी सहाला मी गेट उघडायला लावणार आहे. गावातले कोण कोण येताय?